देवाला सोडलेल्या स्त्रियांचा नागरिकत्वासाठी लढा : प्रस्तावना

मराठीत 'सोडणे' या क्रियापदाचा एक अर्थ बंधनातून मोकळे करणे असा आहे. परंतु बेळगाव, चिकोडी, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात 'मुलगी देवाला सोडली' असे म्हटले जाते, तेव्हा तेच क्रियापद नेमकी उलटी गोष्ट सांगत असते. सोडलेली मुलगी मोकळी होत नाही. वयात येण्यापूर्वीच तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली जाते, जिला मराठीत 'दर्शन' आणि कन्नडमध्ये 'मुत्तु' म्हणतात. त्या दिवसापासून तिचे लग्न सौंदत्तीच्या यल्लम्माशी किंवा तिच्या नावाने झाले असे मानले जाते, आणि म्हणून कोणत्याही पुरुषाशी तिचे लग्न होऊ शकत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागणे, म्हणजे देवीच्या नावाने दारोदार शिधा गोळा करणे, हे तिचे उघड कर्तव्य असते. वयात आल्यावर एखाद्या पुरुषाने तिला ठेवणे, ज्याला या भागात 'झुलवा' म्हणतात, हे तिचे न बोलता ठरलेले भवितव्य असते. झुलव्यातून झालेल्या मुलांना बाप असतो, पण बापाचे नाव नसते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही प्रथा, ती मोडण्यासाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झालेले प्रयत्न, आणि त्या प्रयत्नांचे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीशी असलेले, आजवर फारसे न तपासलेले नाते हा आहे.

या ग्रंथाचा भूगोल लोंढ्यापासून आखला आहे, आणि त्याला कारण आहे. खानापूर तालुक्यातील हे जंगलाने वेढलेले रेल्वे जंक्शन तीन प्रदेशांच्या सांध्यावर उभे आहे: पश्चिमेची गाडी कॅसल रॉक आणि दूधसागर उतरून गोव्यात जाते, पूर्वेची धारवाड-हुबळीकडे, आणि उत्तरेची बेळगाव, मिरजेवरून पुण्याकडे. या तीनही दिशांना देवाला वाहिलेल्या स्त्रियांच्या तीन वेगळ्या परंपरा होत्या. गोव्यात देवळांशी जोडलेल्या भाविणी आणि गाण्यानाचण्याची कला सांभाळणाऱ्या कलावंतिणी होत्या, ज्यांचा 'शेंस' नावाचा लग्नासारखा विधी होत असे. धारवाड-बेळगावच्या कन्नड मुलखात बसवी आणि जोगम्मा होत्या. आणि कोल्हापूर, मिरजेपासून वर जेजुरीपर्यंत यल्लम्माच्या जोगतिणी व खंडोबाच्या मुरळ्या होत्या. 'देवदासी' हा आज सर्रास वापरला जाणारा शब्द या गावांतल्या बोलीचा नव्हे. तो कायद्याने आणि अहवालांनी रूढ केलेला, अनेक भिन्न स्थितींना एकाच नावाखाली आणणारा शब्द आहे, ही गोष्ट वाचकाने आरंभीच लक्षात ठेवावी. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीच्या वैधव्याचा विधी म्हणून बांगड्या फोडल्या जातात आणि माघातल्या भरत पुनवेला मोठी यात्रा भरते. या यात्रांना मराठी आणि कन्नड बोलणारे भाविक एकत्र जातात, आणि कोणत्याही राज्याची सीमा त्या वाटेने पाळली जात नाही.

या प्रथेला गुलामी म्हणावे काय, हा प्रश्न शब्दांच्या काटेकोरपणापुरता नाही, कारण ज्या कायद्याने हिंदुस्थानातील गुलामी संपवली त्याच कायद्याच्या फटीतून ही प्रथा वाचली. पेशवाईत 'कुणबिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांची खरेदी-विक्री होत असे आणि तिची नोंद दप्तरात राहत असे. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने गुलामीला कायद्याचे पाठबळ नाकारले; याचा अर्थ एवढाच की, एखादा माणूस दुसऱ्या माणसावर मालक म्हणून हक्क सांगू लागला तर न्यायालय तो मानणार नाही. परंतु देवाला सोडलेल्या मुलीच्या बाबतीत कोणी माणूस मालक म्हणून उभाच राहत नव्हता. मालकी देवीची मानली जाई, आणि देवी काही न्यायालयात हक्क सांगायला येत नव्हती. पुढे १८६० च्या दंडसंहितेतील ३७२ आणि ३७३ या कलमांनी अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देणे वा घेणे हा गुन्हा ठरवला आणि त्यांखाली काही खटलेही झाले, पण तिथेही प्रश्न मुलीच्या वयाचा आणि हेतूच्या पुराव्याचा होता, बंधनाचा नव्हता. त्यात भर म्हणजे रूढीने या बंधनाला एक आमिष जोडले होते: ज्या घरात मुलगा नाही तिथे देवाला सोडलेली मुलगी मुलाच्या जागी धरली जाई, तिला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळे आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावर येई. वारसाहक्क मिळण्यासाठी एका स्त्रीला लग्न, घर आणि मुलांचे नाव एवढे सगळे द्यावे लागत होते. स्त्रीला स्त्री म्हणून वारसाहक्क असता तर ही प्रथा इतकी खोल रुजली असती काय, असा प्रश्न या ग्रंथातील अनेक लेखांच्या मुळाशी आहे.

गुलामी आणि स्त्रीचे दास्य यांना एकत्र पाहण्याची दृष्टी मराठीत बाहेरून उसनी आलेली नाही, तरी तिने बाहेरच्या जगाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी तेथील लोकस्थितीविषयी मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्यात गुलामीविरोधी चळवळ आणि स्त्रियांच्या संघटना या दोहोंची ओळख मराठी वाचकाला करून दिली. ज्या अमेरिकेकडे हे दोघे पाहत होते तिथे या दोन चळवळी एकाच घरात जन्मल्या होत्या. लंडनच्या १८४० च्या गुलामीविरोधी परिषदेत स्त्री प्रतिनिधींना बसू दिले नाही, त्या अपमानातून ल्युक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरवली, आणि तिथे मताधिकाराच्या ठरावाला बळ देणारा पुरुष म्हणजे गुलामीतून निसटून आलेला फ्रेडरिक डग्लस होता. परंतु गुलामी कायद्याने संपल्यावर १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने मताच्या बाबतीत वंशभेद दूर झाला आणि लिंगभेद तसाच राहिला, तेव्हा या दोन चळवळी एकमेकींपासून फुटल्या. त्या फुटीत काही गोऱ्या स्त्री-नेत्यांनी काळ्या पुरुषांविषयी जे लिहिले-बोलले ते आजही वाचवत नाही. त्या इतिहासातून घेण्याजोगा धडा हा की, दास्यमुक्ती आणि मताधिकार या मागण्या एकमेकींपासून तोडल्या की ज्या स्त्रीला दोन्हींची गरज आहे ती कोणाच्याच हिशेबात राहत नाही. सीमाभागातल्या जोगतिणीचे नेमके हेच झाले.

मुंबई इलाख्यातील स्त्री-मताधिकाराची कथा सहसा मुंबई आणि पुणे या शहरांपुरती सांगितली जाते. भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली गेलेले शिष्टमंडळ, मताधिकाराच्या विचारासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने नाकारलेली मागणी, १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपवणे, रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी केलेली खटपट, आणि १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबई कौन्सिलने उठवलेली लिंगाची अट, हे टप्पे परिचित आहेत. कमी परिचित आहे ते हे की, १९१८ च्या मे महिन्यात मुंबई प्रांतिक परिषद विजापूरला भरली असता सरोजिनी नायडू यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा पक्ष तिथे मांडला. म्हणजे हा विषय याच मुलखात, सौंदत्तीपासून फार दूर नसलेल्या एका शहरात, उच्चारला गेला होता. पण मत कोणाला मिळाले? इलाख्याच्या बहुतेक ग्रामीण जिल्ह्यांत ३२ रुपये जमीनसारा भरणाऱ्यालाच मत होते, आणि एवढी जमीन ज्यांच्या नावावर होती अशा स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. ही संख्या वाढावी म्हणून १९३५ च्या कायद्याने ठरावीक पात्रता असलेल्या पुरुषांच्या पत्नींना व विधवांना आणि साक्षर स्त्रियांना मत दिले. कायदेशीर भाषेत याला 'पत्नीत्वाची पात्रता' म्हणता येईल, आणि स्त्री-चळवळीतील अनेकींनी तेव्हाच तिला विरोध केला होता, कारण नागरिकत्व नवऱ्यामार्फत मिळावे हे त्यांना मान्य नव्हते. त्या विरोधात जी स्त्री कोणाला आठवली नाही ती जोगतीण होती. ती कोणाची पत्नी नव्हती, कोणाची विधवा होऊ शकत नव्हती, आणि शाळेत तर ती गेलीच नव्हती. पत्नीत्वाच्या पात्रतेने ज्या दारातून इतर स्त्रिया आत आल्या ते दार तिच्यापुरते भिंत होते.

दुसऱ्या बाजूला, ज्या सुधारकांनी या प्रथेवर थेट हात घातला त्यांची एक ओळ याच सीमाभागातून निघालेली दिसते. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ मध्ये जमखंडी संस्थानात, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलल्या जाणाऱ्या मुलखात झाला. १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले आणि अस्पृश्यता निवारणाच्या कामाबरोबरच मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लोकमत जागे केले, तर त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी मिशनच्या कामाला स्वतःला वाहून घेतले. शिंदे यांचे वैशिष्ट्य असे की, मुरळीचा प्रश्न त्यांनी सदाचाराच्या चौकटीतून काढून अस्पृश्यतेच्या चौकटीत ठेवला: देवाला सोडलेल्या मुली बहुतांशी महार, मांग, होलेय, मादिग अशा जातींतल्याच का, हा प्रश्न त्यामुळे विचारता आला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ पासूनच्या तीन-चार वर्षांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, विधवाविवाह, आंतरजातीय विवाह आणि घटस्फोट यांविषयीचे कायदे केले, महारांची वतने आणि वेठबिगार यांवर घाव घातला, आणि १९२० मध्ये जोगतिणी व मुरळ्या सोडण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. एकाच राज्यकर्त्याने वेठबिगार आणि जोगतीण या दोन गोष्टी एकाच हातासरशी हाताळाव्यात यात त्यांची दृष्टी दिसते. दोन्हींत मोबदल्याशिवाय राबणारे शरीर होते आणि दोन्हींना रूढीचे नाव होते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले.

बाबासाहेबांचा सीमाभागाशी संबंध माणगावानंतर तुटला नाही. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि बेळगावच्या परिषदांनाही ते आले. मताधिकाराविषयी त्यांची भूमिका १९१९ च्या साउथबरो समितीपुढील साक्षीपासून सुरू होते आणि सायमन कमिशनच्या काळात सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत या स्पष्ट मागणीपर्यंत पोहोचते. जमीन, साक्षरता किंवा नवरा यांपैकी कशाचीही अट न घालणारी ही मागणी होती, आणि त्या काळच्या स्त्री-संघटनांपैकी अनेक तोवर तिथपर्यंत आल्या नव्हत्या. जून १९३६ मध्ये मुंबईत त्यांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी आणि देवदासी यांच्या सभेपुढे भाषण करून ही जिणी सोडून देण्याचे आवाहन केले. त्या भाषणाचा सूर कठोर होता, आणि आजच्या अभ्यासकांना तो खटकतो. उपजीविकेचे दुसरे साधन हाती नसलेल्या स्त्रियांवर समाजाच्या अब्रूचा भार टाकला गेला, ही टीका खोटी नाही. पण ज्या काळात इतर पुढारी या स्त्रियांविषयी बोलत होते त्या काळात ते या स्त्रियांशी बोलले, हेही तितकेच खरे आहे. आणि अखेरीस राज्यघटनेत माणसांचा व्यापार व वेठबिगार यांना मनाई करणारे २३ वे कलम आणि प्रौढ मताधिकार देणारे ३२६ वे कलम एकत्र आले, तेव्हा जे दोन धागे अमेरिकेत तुटले होते ते इथे, निदान कागदावर, एका गाठीत बांधले गेले.

मद्रासकडे याच दोन धाग्यांची गाठ एका व्यक्तीच्या आयुष्यात पडलेली दिसते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या होत्या, १९२७ मध्ये त्या मद्रास कौन्सिलात गेल्या, आणि तिथे बसून त्यांनी देवदासी प्रथा बंद करण्याचा पाठपुरावा केला. तिथला पूर्ण बंदीचा कायदा १९४७ मध्ये झाला. मत मिळालेल्या स्त्रीने विधिमंडळात गेल्यावर पहिल्यांदा कोणाची आठवण ठेवावी, याचे त्या एक उदाहरण आहेत. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा मात्र १९३४ मध्येच झाला होता. त्याने देवाला सोडण्याचा विधी बेकायदा ठरवला आणि अशा स्त्रीने केलेले लग्न वैध मानले.

यानंतर नकाशा बदलला, आणि सीमाभागाच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, चिकोडी, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, गडहिंग्लज मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात राहिले. जुना १९३४ चा कायदा दोन्ही बाजूंना चालू राहिला. कर्नाटकाने १९८२ चा म्हणून ओळखला जाणारा आणि १९८४ मध्ये अधिनियमित झालेला कडक कायदा केला, ज्यात आईबाप वा पालकांनी मुलगी सोडली तर शिक्षा अधिक मोठी आहे. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा, म्हणजे वीस वर्षांहून अधिक उशिराचा. एका बाजूचे गाव आणि दुसऱ्या बाजूचे गाव यांच्यात चालत जाण्याइतके अंतर असताना, त्या वीस वर्षांत एकाच विधीला दोन वेगळ्या तोलाचे कायदे लागू होते. सीमावादावर शेकडो पुस्तके निघाली. भाषा, शाळा, फलक, नगरपालिकेचे ठराव या साऱ्यांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, पण देवाला सोडलेल्या मुलीसाठी ही सीमा काय होती याची नोंद जवळजवळ कुठेच नाही.

लोंढ्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला ही प्रथा दोन वेगळ्या रीतींनी मोडत गेली, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. गोव्यातील कलावंत, भाविणी आणि देवळी या समाजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वतःची संघटना उभारली, जिचे रूप पुढे गोमंतक मराठा समाज या नावाने स्थिर झाले. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्यांनी आत्मकथनातून स्वतःच्या समाजाचा इतिहास सांगितला, शाळा काढल्या, लग्ने लावून दिली. कला, थोडीफार मालमत्ता आणि मुंबईसारख्या शहराशी असलेला संबंध या तिन्हींचे पाठबळ त्यांना होते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि १९७३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर याच समाजातून आल्या, ही गोष्ट मताधिकाराच्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिली जावी. सौंदत्तीकडे सोडलेल्या मुलींमागे असे काही नव्हते. त्या भूमिहीन दलित घरांतल्या, अनेक जातींत आणि दोन भाषांत विखुरलेल्या होत्या. त्यांचा 'समाज' नव्हताच, त्यामुळे समाजसुधारणेच्या जुन्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते.

ती वाट सापडली तंबाखूच्या वखारीतून. निपाणी हे तंबाखू आणि विडीचे गाव. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या हजारो बायांमध्ये नवऱ्याने टाकलेल्या, विधवा आणि देवाला सोडलेल्या अशा, ज्यांच्यामागे पुरुषाचे नाव नाही त्या बाया मोठ्या संख्येने होत्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने या कामगार स्त्रिया संघटित झाल्या, मजुरी, कामाचे तास आणि मुकादमाची वागणूक यांसाठी लढल्या. युगांतर या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' या माहितीपटात त्या लढ्याचे चित्रण केले. त्याच काळात महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या माध्यमातून डॉ. बाबा आढाव, आणि गडहिंग्लजमधून प्रा. विठ्ठल बन्ने देवदासी निर्मूलनाच्या कामात उतरले. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली आणि १९८० मध्ये निपाणीत. या परिषदांचे महत्त्व ठरावांच्या शब्दांत शोधू नये. ज्या बायांना आजवर पुढाऱ्यांनी उपदेश केला, ज्यांची कायद्यांनी व्याख्या केली आणि ज्यांना अहवालांनी मोजले, त्या इथे एकमेकींना पाहत होत्या, घर मागत होत्या, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाची सक्ती नको म्हणत होत्या, म्हातारपणी निर्वाहवेतन मागत होत्या. कामगार संघटनेत मजुरीसाठी बोलायला शिकलेली बाई परिषदेत देवीविषयी बोलू लागली, हा क्रम या ग्रंथाच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. वरून आलेला कायदा तिला 'वाचवण्याची वस्तू' समजत होता. मागणी करणारी बाई मात्र नागरिक असते.

कर्नाटकाच्या बाजूला या क्रमाची पुढची पायरी १९९७ मध्ये दिसते, जेव्हा बेळगाव जिल्ह्यात देवाला सोडलेल्या स्त्रियांचीच 'महिला अभिवृद्धि मत्तु संरक्षण संस्थे' ही संघटना उभी राहिली. बालपणी स्वतः देवाला सोडल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी यांनी तिचे नेतृत्व केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बचतगट, यात्रेच्या दिवसांत डोंगरावर पहारा, मुलींचे शिक्षण अशी या संस्थेची कामे वरकरणी साधी आहेत. पण एखादी मुलगी सोडली जाणार आहे ही बातमी पोलिसांच्या आधी ज्यांना कळते त्या बायाच पहाऱ्याला उभ्या राहिल्या, म्हणून ती परिणामकारक ठरली.

या विषयावरील लेखनाचे स्थूलमानाने काही प्रवाह सांगता येतील. वसाहतकाळातील लेखन बहुतेक करून सदाचार आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या भाषेत बोलते, आणि त्यात स्त्रीपेक्षा समाजाच्या शुचितेची चिंता अधिक आहे. फुले-शिंदे-आंबेडकर यांच्या परंपरेतले लेखन प्रथेला जातिव्यवस्थेचे अंग मानते, आणि प्रस्तुत ग्रंथाचा कल उघडपणे या बाजूला आहे. समाजवादी व डाव्या कार्यकर्त्यांनी भूमिहीनता, मजुरी आणि मुंबईच्या वेश्यावस्तीपर्यंतची साखळी पुढे आणली, ज्यात गेल ऑम्वेट यांचे १९८० च्या दशकाच्या आरंभीचे लेखन विशेष महत्त्वाचे आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने विधीच्या मुळाशी असलेल्या भीतीवर, विशेषतः केसांत जट आली म्हणजे देवीने बोलावले या समजुतीवर, हल्ला केला, आणि जट कापून देण्याच्या साध्या कृतीने कित्येक मुलींचे आयुष्य वाचवले. जोगन शंकर यांनी १९९० मध्ये बेळगाव भागातील एका गावाचा समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. अलीकडच्या काळात ल्यूसिंडा रॅम्बर्ग यांच्यासारख्या अभ्यासकांनी जोगतिणीला केवळ बळी न मानता देवीची पुजारीण, मुलासारखी वारस आणि धार्मिक सत्ता असलेली स्त्री म्हणूनही पाहावे, असे मांडले आहे. या मांडणीने जुन्या सुधारकी लेखनातला तुच्छतेचा सूर उघडा पाडला, हे तिचे मोठे काम; मात्र सहा-सात वर्षांच्या मुलीच्या गळ्यात माळ बांधताना तिची संमती कोणी विचारली होती, या प्रश्नाचे उत्तर या मांडणीत मिळत नाही, आणि ते मिळाल्याशिवाय धार्मिक सत्तेची चर्चा पुरी होत नाही, असे संपादकांचे मत आहे. मराठी कथात्म साहित्याने मात्र या अलीकडच्या अभ्यासकांच्या बरेच आधी या जगाला आतून वाचा दिली. गडहिंग्लज परिसरातल्या राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी जोगतीण आणि जोगत्या यांच्या जगण्याची भाषा छापील मराठीत आणली.

हा विषय आज का, असे कोणी विचारले तर आकड्यांकडे पाहावे. कर्नाटक शासनाच्या १९९३-९४ आणि २००७-०८ या दोन सर्वेक्षणांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली. ही नोंद मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या कायद्यानंतर सहा-सात दशकांनी झालेली आहे. २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळापुढे आलेल्या नव्या विधेयकात देवदासींच्या मुलांना बापाची ओळख पटवून घेण्याचा आणि वारसाहक्काचा प्रश्न हाताळला आहे, म्हणजे झुलव्यातल्या मुलाचे नाव हा वादाचा मुद्दा अजून जिवंत आहे. नावाचा हा प्रश्न मताधिकाराच्या इतिहासातही आधी एकदा आला होता: १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. हा प्रकार मुख्यत्वे उत्तर भारतातला होता. पण निवडणूक आयोगाने तेव्हा जो आग्रह धरला, की स्त्रीने स्वतःच्या नावाने नोंदले जावे, तो ज्या स्त्रीला सांगण्यासारखा नवराही नव्हता आणि बापही नव्हता तिच्यासाठी सर्वांत मोठा आधार होता. मतदार यादी हा बहुधा पहिला सरकारी कागद, ज्यावर जोगतिणीला तिच्या देवीच्या, आईबापांच्या किंवा ठेवणाऱ्या पुरुषाच्या आधी तिचे स्वतःचे नाव लागत होते.

या ग्रंथात लेखांबरोबरच कायद्यांचे मूळ पाठ व त्यांचे मराठी अनुवाद, परिषदांची पत्रके, आणि लोंढ्यापासून निपाणीपर्यंतच्या गावांतून घेतलेल्या स्त्रियांच्या मुलाखती एकत्र केल्या आहेत. यात गोव्याचा विचार तुलनेपुरताच आहे. त्या समाजाचे स्वतःचे दप्तर समृद्ध असून त्याला स्वतंत्र ग्रंथाची गरज आहे. जोगत्यांचा, म्हणजे देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा, प्रश्नही येथे पुरेसा आलेला नाही, कारण त्यांच्या नागरिकत्वाचा झगडा वेगळ्या कायद्यांशी जोडलेला आहे. मुलाखती ज्या मिश्र बोलीत झाल्या, कन्नडात सुरू होऊन मराठीत संपणाऱ्या किंवा त्याउलट, तशाच त्या छापल्या आहेत, आणि कन्नड शब्दांचे अर्थ त्याच पानावर तळाशी दिले आहेत. बोलणाऱ्या स्त्रियांची खरी नावे सुरक्षिततेसाठी बदलली आहेत. बदललेले नाव कोणते असावे हे मात्र प्रत्येकीने स्वतः सांगितले, आणि त्यांपैकी बहुतेकींनी त्यापुढे बापाचे, नवऱ्याचे किंवा देवीचे नाव लावू नये असे सांगितल्यामुळे ग्रंथात ती सर्व नावे एकशब्दीच आहेत.